वीरमातेची फिल्म

कारखान्यात शाळेची दप्तरं शिवली जायची तेव्हा आक्का खांद्याच्या पट्ट्यांवर होत्या. पट्टा म्हणजे दप्तराचा जीव. पोरं दप्तर पट्ट्याला धरूनच ओढतात, गरगरा फिरवतात, एकमेकांच्या पाठीत घालतात. म्हणून पट्टा जिथं जोडला जातो तिथं आधी चौकोनी टीप आणि मग त्या चौकोनात फुली, असं मजबूत काम लागायचं. आक्कांनी मारलेली फुली उसवली अशी तक्रार कधी आली नाही.

पुढं बाहेरून स्वस्त दप्तरं यायला लागली, मालकांनी अंथरूण धरलं आणि कारभार त्यांच्या मुलाकडे आला. त्याला सगळे साहेब म्हणत. साहेबांनी वर्षभरात लष्करी मालाचं कंत्राट आणलं. मशीनं तीच, बायका त्याच. कापड तेवढं जाड झालं, रंग मातकट झाला आणि सुया पटापट मोडायला लागल्या. आता काडतुसांचे कप्पे असलेली जाकिटं शिवायची. पट्ट्यावरची फुली मात्र तशीच.

माल आधी आपल्या सैन्याला गेला, मग बाहेर. इस्रायलच्या सैन्याची ऑर्डर मिळाली त्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना अर्धा दिवस सुटी दिली आणि फाटकावर कापडी फलक लावला : 'आमची शिलाई, जगाची सुरक्षा'. आक्कांच्या शेजारच्या मशीनवर एक बाई बसायची. तिला सगळे चिमणी म्हणत, कारण अंगानं एवढीशी आणि तोंड दिवसभर चालू. फलकाखालून जाताना ती म्हणाली, "बघा आक्का, आपलं घर गळतंय आणि आपण जगाला सांभाळतोय."

आक्का हसल्या. त्या ऑर्डरीचं त्यांना बरंही वाटलं नव्हतं आणि वाईटही. हाताला काम होतं.

आक्कांचा थोरला मुलगा सैन्यात होता. सीमेवरच्या चौकीवर तोफेचा गोळा पडला, त्यात तो गेला. त्यालाही आता काही वर्षं झाली होती. पेटी घरी आली ती बंद. सोबत आलेला अधिकारी वयानं लहान आणि बोलायला मऊ होता. "उघडू नका, आई," तो म्हणाला. "तुमच्या डोळ्यांसमोर तो जसा आहे तसाच राहू दे." घरात माणसं मावत नव्हती, दारात घोषणा चालल्या होत्या, कॅमेरेवाले एकमेकांना ढकलत होते. आक्कांनी मान हलवली. पेटी आली तशी बंदच गेली.

त्या दिवसापासून आक्का वीरमाता झाल्या. शाळेचा असो, बँकेचा असो, कुठलाही कार्यक्रम असला की त्यांना बोलावणं यायचं. ही सगळी व्यवस्था भोंगा बघायचा. भोंग्याचं चौकात गाड्यांच्या बॅटऱ्यांचं दुकान होतं. देशभक्तीच्या प्रत्येक मिरवणुकीत घोषणा द्यायला तो सगळ्यांत पुढं, आणि त्याच्या गळ्याला माईक लागायचा नाही, म्हणून हे नाव. तो स्वतः गाडी घेऊन दारात यायचा, आक्कांना हात देऊन उतरवायचा, पाणी हवं का विचारायचा. स्टेजवर काय बोलायचं तेही तोच सांगायचा. "आणखी एक मुलगा असता तर त्यालाही पाठवलं असतं." या वाक्याला हमखास टाळ्या पडायच्या. आक्कांना ते वाक्य आवडत नव्हतं. पण त्या कार्यक्रमांत त्यांच्या पोराचं नाव मोठ्यानं घेतलं जायचं. घरी ते कुणी घेत नव्हतं.

घरी नाना होते आणि धाकटी होती. नाना म्हणजे आक्कांचे यजमान. सगळा जन्म पाणीपुरवठा खात्यात नळाचे व्हॉल्व्ह उघडण्यात आणि मिटण्यात गेला. निवृत्त झाल्यापासून टीव्ही उघडायचा आणि तो मिटायचाच नाही. गाझावर बॉम्ब पडायला लागले तसा त्यांच्या आवडत्या वाहिनीवरच्या निवेदकाला चेव आला. मागं आगीचं चित्र, खाली विमानांचा आवाज, आणि हा असा बोलायचा की जणू आत्ताच रणगाड्यातून उतरून स्टुडिओत शिरलाय. धाकटी त्याला 'उंटावरचा' म्हणायची. शेळ्या हाकणारा, हा उरलेला भाग नानांना समजावा म्हणून सोडून द्यायची.

धाकटी इस्पितळात फिजिओथेरपीच्या विभागात होती. मोडून पुन्हा जुळलेले हातपाय चालते करायचे, हे तिचं काम. रविवारी सकाळी ती वाचनालयासमोर जायची. तिथं मूठभर माणसं पॅलेस्टिनी लोकांच्या बाजूनं फलक घेऊन उभी राहायची. त्यांत दोन प्राध्यापक होते, एक केस कापणारा, काही नर्स, काही विद्यार्थी. रस्त्यापलीकडं भोंग्याची माणसं उभी राहून त्यांना गद्दार म्हणायची. बारा वाजले की दोन्हीकडचे लोक जेवायला घरी जायचे.

"भाऊ सैन्यात गेला आणि बहीण सैन्याविरुद्ध उभी राहते," नाना टीव्हीकडं बघतच म्हणायचे.

"बाबा, दादाच्या सैन्याविरुद्ध कोण उभं राहतंय? मुलं मारू नका म्हणते मी. त्यांना उपाशी ठेवू नका म्हणते."

"आणि सुरुवात कुणी केली? त्यांची माणसं मारली, पळवून नेली, ते नाही दिसत तुला?"

"दिसतं. तेही वाईटच. मी कुठं नाही म्हणते? पण त्यासाठी गल्लीच्या गल्ली भुईसपाट करायची?"

आक्का मध्ये पडायच्या नाहीत. "गार होतंय, जेवा," एवढंच म्हणायच्या. पोरीनं हे सगळं दुसऱ्या गावात जाऊन केलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना मनातून वाटायचं.

मग फिल्मचं निघालं.

शस्त्रांचं एक मोठं प्रदर्शन भरणार होतं. साहेबांना तिथं स्टॉल मिळाला होता आणि स्टॉलवरच्या पडद्यासाठी त्यांना कारखान्याची फिल्म हवी होती. फिल्म करायला आलेला दिग्दर्शक उंच, सभ्य आणि सतत थकलेला होता. त्यानं मशीनं बघितली, जाकिटं बघितली, आणि कंटाळून बाहेर पडणार तेवढ्यात कुणीतरी त्याला आक्कांबद्दल सांगितलं. तो तिथंच थांबला.

दुसऱ्या दिवशी आक्कांना इस्त्रीचे कपडे घालून यायला सांगितलं. त्यांच्या मशीनवर दिवे लावले. हातात एक नवं जाकीट दिलं.

"आक्का, हे छातीशी धरा आणि मुलाची आठवण काढा," दिग्दर्शक म्हणाला.

आक्कांनी जाकीट धरलं. थोड्या वेळानं दिग्दर्शक म्हणाला, "हसू नका, आक्का."

"आठवण काढायला तुम्हीच सांगितलंत ना? तो आठवला की हसू येतं. फार वात्रट होता. एकदा शाळेत..."

"ते नंतर सांगा हं." त्यानं कुणाला तरी खूण केली. एका मुलीनं येऊन आक्कांच्या डोळ्यांत ग्लिसरीनचे थेंब टाकले. डोळे भरून आले, नाक वाहायला लागलं, आणि पलीकडच्या रांगेत चिमणी तोंडात रुमाल कोंबून हसत होती.

"आता एकच वाक्य. आईला काय वाटतं ते तुमच्या शब्दांत."

आक्कांनी नाक पुसलं. "आईला दुसरं काय हवं असतं? पोरगं धड घरी यावं," त्या म्हणाल्या.

दिग्दर्शकाचा थकवा गेला. "कट! अप्रतिम," तो म्हणाला. आक्कांनी एका कागदावर सही केली आणि परत पट्ट्यांवर बसल्या.

फिल्म तयार झाल्यावर साहेबांनी ती इंटरनेटवर टाकली आणि कारखान्यात सगळ्यांना दाखवली. जेवणाच्या हॉलमध्ये भिंतीवर पांढरं कापड लावलं होतं. आधी कारखान्याचं फाटक आलं, मग आक्कांचे हात आले, फुली मारणारी सुई आली एवढी मोठी की भाल्यासारखी दिसावी. मग आक्कांचा चेहरा, डोळ्यांत पाणी. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग संगीत चढलं आणि रणगाडे आले. गाझातला रस्ता होता. दोन्ही बाजूंची घरं बसकण मारल्यासारखी खाली आलेली, आणि मधून जाकिटं घातलेले तरुण सैनिक हात हलवत, हसत येत होते. त्यांच्यावर आक्कांचा आवाज आला : "आईला दुसरं काय हवं असतं? पोरगं धड घरी यावं."

पुन्हा टाळ्या. साहेब उठून उभे राहिले आणि आक्कांकडं बघून त्यांनीही वाजवल्या.

आक्कांचं लक्ष एका घराकडं होतं. त्याची पुढची भिंत गेली होती, वरच्या मजल्यावरची खोली रस्त्यावरून दिसत होती, आणि आतल्या खिडकीचा पडदा तसाच होता, सकाळी उठून कुणीतरी बाजूला सारून ठेवावा तसा. चित्र पुढं गेलं, पण आक्का त्या घरापाशीच राहिल्या.

"ते घर कुणाचं असेल गं?" हॉलमधून बाहेर पडताना त्यांनी चिमणीला विचारलं.

"कुठलं घर? मी तर तुमच्याकडंच बघत होते. किती तरुण दिसत होतात!"

संध्याकाळी धाकटी भाजी चिरत बसली होती. आक्कांनी तिलाही तेच विचारलं. धाकटीनं सुरी खाली ठेवली. तिच्याकडं या विषयावर पुष्कळ बोलायला होतं, एरवी ती थांबली नसती. त्या दिवशी तिनं नुसते हात पुसले, फोन काढला आणि आईसमोर धरला.

इस्पितळाचं आवार होतं. पांढऱ्या कापडांत बांधलेली गाठोडी ओळीनं ठेवली होती. आक्कांच्याच वयाची एक बाई एका माणसाच्या बाहीला धरून काही मागत होती. तो मान हलवून नको म्हणत होता. आणखी दोघांनी तिला मागं ओढायचा प्रयत्न केला. ती रडत नव्हती, ओरडत नव्हती, पण बाही सोडत नव्हती. शेवटी तो माणूस खाली बसला आणि त्यानं वरची गाठ सोडली. बाईनं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग ओढणीच्या टोकानं आतल्या कपाळावरची धूळ पुसली, आणि गाठ तिनं स्वतः परत बांधली.

"परत लाव," आक्का म्हणाल्या.

धाकटीनं परत लावलं.

"काय म्हणत होती ती?"

"खाली लिहिलंय. मी त्याची आई आहे, मला घाबरवू नका, असं म्हणतेय."

"त्यांनी उघडून दाखवलं तिला."

"हो."

आक्का उठल्या आणि राहिलेली भाजी त्यांनीच चिरली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. धाकटी निघाली तेव्हा आक्का चपला घालून दारात उभ्या होत्या. "कुठं?" नानांनी विचारलं. "हिच्याबरोबर," आक्का म्हणाल्या. नानांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

वाचनालयासमोर त्यांना कुणीतरी फलक देऊ केला. त्यांनी घेतला नाही. नुसत्या हात बांधून उभ्या राहिल्या. धाकटी शेजारी उभी होती, पण अवघडलेली. आईला घेऊन आल्यासारखं तिला वाटत नव्हतं, आईनंच तिला आणल्यासारखं वाटत होतं.

पलीकडं भोंगा आपल्या माणसांना घेऊन आला. घोषणेसाठी त्यानं छाती भरून श्वास घेतला, आणि मग त्याला आक्का दिसल्या. तो श्वास तसाच सोडून तो रस्ता ओलांडून आला.

"आक्का," तो हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही चुकून इकडं उभ्या राहिलात. आपली माणसं पलीकडं आहेत."

"चुकून नाही रे. बघून उभी राहिले."

"अहो, पण ही त्यांची बाजू आहे."

"पोरं गेलेल्यांची ना? मग मीही त्यातलीच."

"तुमचा मुलगा शहीद आहे, आक्का. त्याची आणि यांची बरोबरी करता?"

"आईची आणि आईची करते," आक्का म्हणाल्या. "तू जा, तुझी माणसं खोळंबलीत."

भोंगा परत गेला. पलीकडच्या लोकांनी त्याच्याकडं बघितलं. गद्दार म्हणायचं तर समोर आक्का होत्या, ज्यांना त्यानं कितीदा तरी हात धरून स्टेजवर चढवलं होतं. त्यानं देशाच्या जयजयकाराच्या दोन-चार घोषणा दिल्या. पण त्या घोषणा इकडचेही लोक द्यायला लागले, तेव्हा त्याची पंचाईत झाली. त्या रविवारी पलीकडची मंडळी लवकर पांगली.

कुणीतरी हे सगळं फोनवर टिपलं होतं. फिल्ममधली आई आणि फुटपाथवरची आई एकच आहे हे लोकांच्या लक्षात यायला संध्याकाळ पुरली. सोमवारी वाहिनीवर पट्टी आली : 'वीरमातेला कुणी भुलवलं?' निवेदकानं चार तज्ज्ञ बसवले होते. आई भोळी आहे, असं दोघांचं म्हणणं पडलं. मुलीनं तिच्या कानात विष ओतलं, असं तिसऱ्याचं. चौथा म्हणाला की यामागं बाहेरचा पैसा आहे. कारखान्यातून आलेल्या आक्का दारात चपला काढत होत्या, नाना नेहमीच्या खुर्चीत बसले होते.

"एकच प्रश्न विचारतो," निवेदक कॅमेऱ्याच्या जवळ येऊन म्हणाला. "तो शूर जवान आज हे बघत असता, तर त्याला काय वाटलं असतं?"

नानांनी टीव्ही बंद केला. रिमोट बाजूला ठेवला, परत उचलला, परत ठेवला.

"मी बघितला होता त्याला," ते म्हणाले.

"कुणाला?"

"आपल्या पोराला. पेटी बंद करायच्या आधी. लष्कराच्या तळावर कागदांवर सह्या करायला जातो म्हणून तुला सांगितलं होतं. सह्या नव्हत्या. ओळख पटवायला नेलं होतं मला."

आक्का उंबऱ्यातच बसल्या.

"चेहरा होता?"

"उजवा होता. डावीकडं कापड लावलं होतं. मी काढा म्हटलं नाही."

"डोळा?"

"मिटलेला."

"हात?"

"दोन्ही होते. नखांत माती होती."

आक्का एकेक विचारत गेल्या आणि नाना एकेक सांगत गेले. खात्यात कुणी अमुक भागातलं पाणी का बंद आहे असं विचारलं तर जसं सांगायचे, तसंच, सरळ.

"मला का नाही सांगितलंत?"

"नका सांगू म्हणाले ते. आणि नंतर तुला स्टेजवर बसलेली बघायचो. वाटायचं, हिचा पोरगा अजून अख्खा आहे. माझा नाही राहिला. निदान हिचा तरी राहू दे."

आक्कांनी रात्री ताट वाढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवताना पाठमोऱ्याच म्हणाल्या, "हात लावलात का त्याला?"

"लावला. कपाळाला."

"बरं केलंत."

त्याच दिवशी साहेबांनी बोलावून घेतलं. आक्का स्वतःच त्यांच्याकडं जाणार होत्या. केबिनमध्ये साहेबांनी त्यांना बसायला सांगितलं, पंखा वाढवला. माणूस वाईट नव्हता. वडील अंथरुणाला खिळल्यापासून त्याचे केस भराभर पिकले होते.

"आक्का, तुम्ही मला अडचणीत आणलंत."

"मला त्या फिल्ममधून काढा."

"सही केलीय तुम्ही."

"केलीय. पण 'धड घरी यावं' हे मी माझ्या पोराबद्दल म्हटलं होतं. तो धड आला नाही. आणि तुम्ही ते वाक्य नेऊन त्या पडलेल्या घरांवर लावलंत. त्या घरांतली पोरंही धड राहिली नसतील. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवायची तर ठेवा, साहेब. माझ्या पोराच्या खांद्यावर नको."

"इथं एवढ्या बायका काम करतात," साहेब म्हणाले. "ही ऑर्डर गेली तर उद्या त्यांच्या चुलीत काय घालू? तुम्ही सांगा. दप्तरं घेतंय का कुणी माझी?"

"त्याचं उत्तर नाही माझ्याकडं," आक्का म्हणाल्या. "माझा चेहरा आणि माझं वाक्य तेवढं परत द्या."

त्याच आठवड्यात त्यांना कामावर येऊ नका असा निरोप आला. निरोप सांगणाऱ्या मुकादमानं आपली मान खाली घातली होती, त्यामुळं आक्कांनीच त्याला "असू दे" म्हटलं. रांगेतल्या बायकांनी मशीनं थांबवली नाहीत. दोघीतिघींनी वर बघितलं. चिमणीनं तेवढंही केलं नाही. तिचा नवरा त्याच कारखान्यात गाड्या भरायला होता.

ती पुढं एका दुपारी घरी आली. आक्कांची मोठी कात्री कारखान्यात राहिली होती, ती पिशवीतून आणली होती. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत बसली.

"मी काही रविवारी येणार नाही हां," मध्येच म्हणाली.

"तुला बोलावलंय कुणी?"

"नाही, आधीच सांगून ठेवते." मग नखं कुरतडत म्हणाली, "तुमच्या मशीनवर बस म्हणाले मला. पट्ट्यांवर. मी नाही म्हटलं."

"काय सांगितलंस?"

"कंबर दुखते म्हणून सांगितलं. दुसऱ्या कुणीतरी बसल्या. फुली तिरकी येते त्यांची, पण चालवून घेतात."

फिल्मचं म्हणाल तर आक्कांचा चेहरा तिच्यातून गेला. प्रदर्शन जवळ आलं होतं, वाद नको म्हणून साहेबांनी तो भाग एका नटीकडून परत करून घेतला. ती ग्लिसरीनशिवाय रडली आणि आक्कांपेक्षा कितीतरी चांगली रडली, असं सगळ्यांचं मत पडलं. वाक्य थोडंसं बदललं होतं. ऑर्डर गेली नाही, उलट वाढली.

आक्कांना कार्यक्रमांची बोलावणी यायची थांबली. दारावर कुणीतरी काळा रंग फासला. नानांनी तो रॉकेलनं पुसला. पूर्ण निघाला नाही, तेव्हा सगळ्या दारालाच गडद रंग देऊन टाकला. भोंगा रस्त्यात दिसला की दुसरीकडं बघायचा. एकदा मात्र त्याच्या दुकानासमोर आक्कांच्या पिशवीचा बंद तुटून सामान सांडलं, तेव्हा तो पळत येऊन सगळं गोळा करून देऊन गेला. पुढच्या रविवारी तो पलीकडं होताच, पूर्ण आवाजात.

इकडची गर्दी टीव्हीमुळं आधी वाढली, मग ओसरली, पण पहिल्याएवढी कमी झाली नाही. एक निवृत्त सुभेदार यायला लागले. त्यांना पॅलेस्टाईनबद्दल फारसं काही ठाऊक नव्हतं. "उपाशी पोरावर बंदूक रोखायला आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं," एवढंच ते म्हणायचे आणि सावधानमध्ये उभे राहायचे. ते तसे उभे राहिले की विद्यार्थीही आपोआप सरळ उभे राहायचे.

आक्का आता घरीच शिवणाची कामं घ्यायच्या. पडदे, उशांचे अभ्रे, पँटी आखूड करणं. कारखान्यातल्यापेक्षा मिळकत कमी होती, पण पाठ कमी दुखायची. आसपासच्या गावांतल्या लोकांनी मिळून मोठा मोर्चा काढायचं ठरवलं, तेव्हा धाकटी चार रंगांचं कापड घेऊन आली. पॅलेस्टाईनचा लांबलचक झेंडा हवा होता. दोन्ही कडांना माणसांनी धरून रस्ताभर न्यायचा. "तुला जमेल?" तिनं विचारलं. आक्कांनी तिच्याकडं नुसतं बघितलं.

दुपारची वेळ होती. धाकटी ड्युटीवर गेली होती. काळी आणि पांढरी पट्टी जोडून झाली होती, हिरवी लावायची होती, आणि कापडाचं ओझं एवढं झालं की मशीनवरून ते सारखं खाली घसरायला लागलं. टीप वाकडी जायला लागली.

"अहो," आक्कांनी हाक मारली. "जरा हे टोक धरता का?"

नाना आले. झेंड्याकडं बघितलं, आक्कांकडं बघितलं, आणि टोक धरून खोलीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभे राहिले.

"ओढू नका. नुसतं उचलून धरा."

"एवढ्या लांबून लोकांना टीप दिसणार आहे होय?"

"मला दिसेल."

मशीन चाललं. नाना कापडाबरोबर एकेक पाऊल पुढं सरकत होते. मध्येच म्हणाले, "मोर्चा सकाळी आहे ना? ऊन असणार."

"असणार."

"लांब चालायचंय. पाण्याचं बघितलंय का कुणी?"

"काय माहीत. पोरांचा कारभार."

नाना आणखी एक पाऊल पुढं सरकले. "मी पिंपं घेऊन येईन," मग म्हणाले. "मध्ये दोन ठिकाणी ठेवतो. उभा नाही राहणार हं मी तुमच्याबरोबर."

"नका राहू. पाणी आणा," आक्का म्हणाल्या. "आणि हात वर घ्या, हिरवं जमिनीला लागतंय."

नानांनी हात वर घेतले. लाल कापड अजून कापायचं होतं.